कानाडोळा

दर पाचव्या गुरुवारी किंबॉलला
पहिल्या डब्यात बसते, डावीकडे, खिडकीपाशी.
इथं रूळ संपतात, म्हणजे माझे सुरू होतात.
शेजारी शमीरान, मांडीवर खजुराच्या वड्यांचा डबा,
दवाखान्यातल्या पोरींसाठी.
केतकी फोनवर म्हणते, आई, टॅक्सी कर, पैसे मी देते.
टॅक्सीवाल्याला वाट ठाऊक असते.
मला ती स्वतःला ठाऊक हवी आहे.

डाव्या डोळ्याच्या मधोमध
एक करडा बंदा रुपया बसलाय.
ज्याच्याकडे सरळ बघेन, त्यावर जाऊन पडतो.
उजव्याचं अजून बरं आहे, पण डॉक्टर म्हणाले,
हाही त्याच वाटेनं जाईल.
म्हणून उजवा तळहातानं झाकते
आणि घोकते.

केडझी. फाटकाची घंटा.
इथं गाडी जमिनीवरून जाते, परसदारांच्या रांगेतून,
कुणाचे टोमॅटो, कुणाची सायकल,
फाटकाशी थांबलेला एक कंटाळलेला कुत्रा.
फ्रान्सिस्को. पुन्हा घंटा, जरा बारीक आवाजाची.
रॉकवेल सुटलं की पाठ सीटला टेकते,
पोटात किंचित ओढ बसते:
चढ लागला. वेस्टर्न.
आता शहर खाली आणि मी
लोकांच्या दुसऱ्या मजल्याएवढी.

डेमन आणि माँट्रोजच्या मध्ये
लाकडी जिने, राखाडी रंगाचे, घराच्या मागे लटकलेले.
त्यातल्या एका सज्जात लाल खुर्ची,
एक पाय सुतळीनं बांधलेला.
चार वर्षं. बर्फात, उन्हात.
तिच्यावर बसलेलं कुणी पाहिलं नाही.

बेलमाँटला शेजारून दुसरी गाडी येते,
क्षणभर दोन्ही बरोबर धावतात,
समोरच्या खिडकीतले चेहरे इतके जवळ
की निरोप सांगावासा वाटतो.
माझ्या डाव्या डोळ्याला त्यांना फक्त कान आणि टोप्या.

सेजविकजवळ सेंट मायकेलचा मनोरा.
घड्याळाकडे नीट बघितलं की काटे गायब,
कडेचे आकडे तेवढे शाबूत.
वेळ सोडून सगळं दिसतं, मी म्हटलं.
शमीरान म्हणाली, मग तुला उशीर कधी होणारच नाही.
ती असं बोलते आणि वडी पुढे करते.

मग मोठं वळण. चाकं किंचाळतात.
पुढे नदी: आवाज एकदम पोकळ होतो,
खालून गाड्यांची घरघर,
आणि पुलाच्या लोखंडातून ऊन कापत कापत
पापण्यांवर पडतं. मिटल्या डोळ्यांनाही कळतं.

आमच्याकडे कानाडोळा म्हणजे
दिसलेलं न दिसल्यासारखं करणं.
मी त्याचा दुसराच अर्थ लावलाय,
कानानं डोळ्याची नोकरी धरायची.
शमीरानला हा शब्द शिकवला.
ती "कानादोला" म्हणते, खुशाल.

येताना उजवीकडे बसतो.
डाव्या डोळ्यात सुईनं सोडलेले दोन बुडबुडे,
काळे, मान हलली की डुलतात.
दोन्ही डोळे मिटून घेते, ती परीक्षा घेते.
पोकळ आवाज? नदी. बरोबर.
किंचाळी? वळण. बरोबर.
आता कुठलं? ॲडिसन. चूक, पॉलिना.
आता? माँट्रोज. बरोबर.

गाडी सुटते. मी विचारते,
खुर्ची आहे का गं?
ती थोडा वेळ काहीच बोलत नाही.
डब्याचं झाकण उघडतं, बंद होतं.
आहे, म्हणते. लाल. तशीच.

सकाळी जाताना
मी सज्जाच्या शेजारच्या पाइपाकडे बघत होते,
रुपया पाइपावर होता, सज्जा मोकळा दिसला,
धुऊन काढलेला, कोपऱ्यात एक नवीन बादली.

तशीच ना, मी म्हणते. छान.

पाठ सीटवरून सुटते, उतार.
पहिली घंटा. दुसरी, बारीक.
केडझीला कुत्रा भुंकतो की नाही
याकडे दोघीही कान देऊन बसतो.